धार काढायची वेळ

पहाटे 5.45

डिसेंबरातलं नाशिक. खिडकीबाहेर धुकं, गॅसवर चहा आणि मोबाइलवर मुंबईहून आलेला दोन शब्दांचा निरोप : ‘बॅच पास’. म्हणजे तिथल्या सायक्लोट्रॉनवर रात्रभर चाललेलं काम सुरळीत पार पडलं, औषधाची तपासणी झाली आणि शिशाच्या जाड भांड्यात बसून एफडीजी सहा वाजता आमच्याकडे निघणार. पोचायची वेळ साडेनऊ. निघताना कुपीत 225 मिलिक्युरी असतील, पोचेपर्यंत 60 राहतील. मधले 165 वाटेत कुणी चोरत नाही की ते सांडत नाहीत. आपसूक संपतात.

एफडीजी म्हणजे एक प्रकारची साखरच, तिला फ्लोरिन-18 चा किरणोत्सर्गी अणू जोडलेला. या फ्लोरिनचं अर्धायुष्य 110 मिनिटं. दर 110 मिनिटांनी जेवढं असेल त्याच्या निम्मं उरतं. साडेतीन तासांच्या रस्त्यात ते जवळजवळ दोनदा निम्मं होतं, म्हणून हवं त्याच्या पावणेचारपट भरून पाठवायचं. गेली पंधरा वर्षं मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडची औषधं कपाटात साठवून ठेवता येत नाहीत. बिलावर तारखेबरोबर वाजलेले किती तेही लिहिलेलं असतं.

तिकडे सिन्नर तालुक्यात माझी आई याच वेळी चरवी घेऊन गोठ्यात शिरत असेल. मीही आता धारच काढायला निघाले आहे. ती कशाची, ते सातला कळेल.

सकाळी 6.45

आमच्या खोलीला हॉट लॅब म्हणतात आणि एसीमुळे अख्ख्या मजल्यावर तीच सगळ्यात गार. छातीवर टीएलडी बॅज लावला. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याची तो नोंद ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. आमच्यासारख्या कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही.

पहिलं काम तराजूची परीक्षा. आमचा तराजू म्हणजे डोस कॅलिब्रेटर, विहिरीसारखं खोल भोक असलेलं यंत्र. आत कुपी सोडली की तिच्यात किती मिलिक्युरी आहेत ते आकड्यात दिसतं. एक मिलिक्युरी म्हणजे दर सेकंदाला 3 कोटी 70 लाख अणुकेंद्रकांचं मोडणं. रोज सकाळी यात सीझियम-137 चा ठरलेला स्रोत टाकून यंत्र खरं बोलतंय का ते पाहायचं.

हा स्रोत आणि मी एकाच वर्षी इथे रुजू झालो. तेव्हा तो 200 मायक्रोक्युरी होता आणि मी 28 वर्षांची. सीझियमचं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं. तिसात निम्मा, म्हणजे पंधरा वर्षांत पाव भाग जाऊन 150 राहिला असेल, असं नव्या मुलांना हमखास वाटतं. पडद्यावर येतात 141. घट नेहमी उरलेल्यातून होते. आधी माल जास्त म्हणून तूट जास्त, मग माल कमी म्हणून तूटही कमी. पहिल्या पंधरा वर्षांत 59 गेले, पुढच्या पंधरात 41 जातील. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा तो 100 वर असेल आणि माझ्या जागी येणाऱ्या माणसाबरोबर कामाला लागेल. 141 आलं, वहीत लिहिलं, सही केली.

7.00

आता धार.

कोपऱ्यात शिशाने मढवलेला, बादलीएवढा एक डबा आहे : टेकनेशियम जनरेटर. जगभर या धंद्यातली माणसं त्याला गायच म्हणतात आणि त्यातून औषध काढण्याला दूध काढणं. हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती.

डब्याच्या पोटात अॅल्युमिनाच्या बारीक कणांनी भरलेली काचेची नळी असते आणि त्या कणांना मोलिब्डेनम-99 चिकटून बसलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य 66 तास. ते मोडलं की बहुतांश टेकनेशियम-99एम होतं, ज्याचं अर्धायुष्य फक्त 6 तास. मोलिब्डेनम अॅल्युमिनाला घट्ट धरून राहतं, टेकनेशियमला तशी पकड नसते. वरच्या एका सुईवर सलाइनची कुपी लावायची, दुसरीवर शिशाच्या भांड्यात ठेवलेली निर्वात कुपी. निर्वातामुळे सलाइन नळीतून ओढलं जातं आणि येताना टेकनेशियम धुऊन घेऊन येतं. मोलिब्डेनम जागेवरच. दोन-तीन मिनिटं बारीक बुडबुड आवाज येतो. मग पाणी संपून हवा ओढली जाते तेव्हा आवाज बदलतो आणि धार संपल्याचं न बघता कळतं.

एकदा धार काढली की लगेच दुसरी मिळत नाही. आत टेकनेशियम साठायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त साठा साधारण 23 तासांनी होतो, म्हणजे रोज सकाळी एकदा. ज्या केंद्रकांच्या पोटी हे अर्धायुष्य ठरलं त्यांना आमच्या ड्यूटीचं काय, पण हिशेब असा जुळलाय की रतीब चुकू नये.

नवी गाय सोमवारी येते. सोमवारी 400 मिलिक्युरी निघाले होते. आज गुरुवार, मधे 72 तास गेले. कागदावर 188 यायला हवेत. कॅलिब्रेटरने दाखवले 185. ठीक. उद्या आणखी कमी येतील. आठवडाअखेर गाय आटत जाते, म्हणून मोठे डोस लागणारे रुग्ण आम्ही सोमवार-मंगळवारी घेतो आणि गुरुवार-शुक्रवारी थायरॉइडसारखी थोडक्यात भागणारी कामं.

दुधात पाणी नाही ना, हेही बघायचं असतं. आमच्या दुधात येऊ नये ते मोलिब्डेनम. कुपी जाड शिशाच्या डबीत घालून पुन्हा मोजायची. टेकनेशियमचे किरण शिशात अडतात, मोलिब्डेनमचे जोरकस किरण पार होतात. दर मिलिक्युरी टेकनेशियममागे 0.15 मायक्रोक्युरीपर्यंत चालतं. 185 ला मर्यादा पावणेअठ्ठावीसची, आज निघालं दोनाच्या आत. दूध शुद्ध.

7.40

आता या दुधाचं जे जे करायचं ते. हाडांच्या तपासणीला वेगळी कुपी, मूत्रपिंडाला वेगळी, हृदयाला वेगळी. पांढऱ्या भुकटीच्या या तयार कुप्यांना आम्ही कोल्ड किट म्हणतो. भुकटी औषधाला वाट दाखवते, टेकनेशियम फक्त दिवा धरून सोबत जातं.

हाडांच्या स्कॅनसाठी दुपारी बाराच्या रुग्णाला 20 मिलिक्युरी हवेत. पाच तास आधी भरायचे तर 35.6. शिकाऊ मुलगी वहीत हेच गणित करत होती. या महिन्यात नवीन आली आहे, हुशार आहे, प्रश्न विचारायला लाजत नाही.

“मॅडम, सहा तासांत निम्मं संपतं. मग उरलेलं निम्मं पुढच्या सहा तासांत संपायला पाहिजे ना?”

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी तेच सांगते. शाळेच्या मैदानात 64 पोरं उभी कर. प्रत्येकाच्या हातात नाणं दे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी उडवायचं, छापा आला तो खाली बसला. पहिल्या शिट्टीला साधारण 32 उभी राहतील. दुसऱ्या शिट्टीला त्या 32 तली निम्मी बसतील, म्हणजे 16 राहतील. मग 8, मग 4. आता सांग, अमुक पोरगा कितव्या शिट्टीला बसेल?

“नाही सांगता येणार.”

“आणि किती बसतील?”

“ते येईल.”

“येईल, पण पोरं भरपूर असतील तर. शेवटी दोन-तीन राहिली की हिशेब डळमळतो. एखादा पठ्ठ्या सात शिट्ट्या उभाच राहील. आपल्या कुपीत सकाळी दोनशे लाख कोटींहून जास्त पोरं होती. एवढ्या गर्दीत चूक व्हायला जागाच नाही.”

एवढे अणू म्हणजे वजन किती, तेही तिला काढायला लावलं. एका ग्रॅमचे दहा कोटी भाग केले तर त्यातले साडेतीन. डोळ्याला दिसणार नाही, काट्यावर चढणार नाही, आणि दर सेकंदाला त्यातली 684 कोटी केंद्रकं मोडत होती.

नाण्याच्या खेळात आणखी एक गोष्ट आहे, ती मला अजून नवी वाटते. पाच शिट्ट्या उभा राहिलेला पोरगा दमत नाही. सहाव्या शिट्टीला त्याची बसायची शक्यता पहिल्या शिट्टीला होती तेवढीच. माणसाचं असं नसतं. ऐंशीच्या माणसाचा विमा कुणी सहजी उतरवत नाही. पण काल रात्री तयार झालेलं टेकनेशियमचं केंद्रक आणि आत्ता सात वाजता तयार झालेलं केंद्रक, दोघांनाही पुढच्या सहा तासांत मोडायची संधी सारखीच. अणूला म्हातारपण नाही. त्याचं वय विचारून काही उपयोग नाही, म्हणून तर गर्दीचं अर्धायुष्य मोजावं लागतं. 1900 साली मॉन्ट्रियलमध्ये रदरफर्ड थोरियममधून निघणाऱ्या वायूचा किरणोत्सर्ग मोजत होता. साधारण मिनिटभरात तो निम्मा होई आणि पुढच्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा. आमची सगळी वही त्या एका निरीक्षणावर चालते.

9.30

पेट स्कॅनचे पाचही रुग्ण हजर. रात्रीपासून उपाशी. एफडीजी साखर असल्यामुळे पोटात दुसरी साखर नको. रक्तातली साखर तपासून झाली, वजनं झाली. गाडीचा पत्ता नाही.

नऊ चाळीसला ड्रायव्हरदादांचा फोन. “मॅडम, माजिवड्यापासून वडप्यापर्यंत सगळं जाम होतं. त्यातच वेळ गेला. तासभर उशीर धरा.”

एरवी तासभर म्हणजे काय, माणूस चहा पिऊन येतो. इथे 55 मिनिटं हे बरोबर अर्धं अर्धायुष्य. 60 चे 42 होणार. मी कागद घेऊन बसले.

बाहेर निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार होते, बायकोला घेऊन आलेले. उशिराचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मनापासून विचारलं, “मॅडम, आमच्या मालाला प्रीकूलिंग असतं, थंड कंटेनर असतो. द्राक्षं पार युरोपात जातात न खराब होता. तुमच्या औषधाला बर्फात ठेवून नाही आणता येत?”

पंधरा वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. द्राक्ष सडतं ते रासायनिक क्रियांनी आणि बुरशीने, त्यांना थंडीने आवर घालता येतो. फ्लोरिन मोडतं ते केंद्रकात. तिथपर्यंत आपली थंडीही पोचत नाही आणि उष्णताही नाही. बर्फात ठेवा, चुलीवर ठेवा, त्याची 110 मिनिटं हलत नाहीत. मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे याला मधे दलालही काही करू शकत नाही.”

10.25

वॉर्डबॉय मामा ट्रॉली घेऊन धावत आले. शिशाचं भांडं जड आहे, त्यातली कुपी अंगठ्याएवढी. मोजलं : 42.4.

मूळ बेत असा होता : साडेनऊपासून दर अर्ध्या तासाला एकाला, प्रत्येकी साधारण 8. पाच आठे चाळीस. मग 60 का मागवले? कारण शेवटच्याला साडेअकराला 8 द्यायचे तर ते साडेनऊला 17 असावे लागतात. सगळ्यात महाग डोस नेहमी रांगेतल्या शेवटच्या माणसाचा. नेहमीच्या बेताने आज चार जणांचंही जेमतेम भागलं असतं आणि पाचव्याला उपाशी पोटी परत पाठवावं लागलं असतं.

म्हणून बेत बदलला. डॉक्टरांशी बोलून सरसकट आठऐवजी वजनाप्रमाणे द्यायचं ठरवलं, दर किलोला 0.1 मिलिक्युरी. 76 किलोंचे काका सगळ्यात आधी, मग 69, 62, 54, आणि शेवटी चाळीस किलोंच्या आजी. मोठा डोस आधी उरकला की झळ कमी लागते. दोन टोचण्यांमधलं अंतर अर्ध्या तासावरून पंचवीस मिनिटांवर आणलं. शेवटचा डोस 12.10 ला, 4 मिलिक्युरी. गणित बसलं, वर पाऊण मिलिक्युरी शिल्लकही राहिली. कॅमेरावाल्याला सांगितलं, आजींच्या वेळी जरा सावकाश घ्या, उजेड कमी आहे तर काच जास्त वेळ उघडी ठेवा.

काकांना टोचताना सिरिंज टंगस्टनच्या जाड नळीत असते. टेकनेशियमचे किरण पाव मिलिमीटर शिशात निम्मे होतात, फ्लोरिनचे निम्मे व्हायला चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं. तिथेही निम्म्याचाच हिशेब, फक्त वेळेऐवजी जाडीचा.

दुपारी 12.15

टोचल्यावर तासभर शांत पडायचं. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, सुपारी चघळायची नाही. ज्या स्नायूला काम पडेल तो साखर ओढून घेतो आणि चित्रात उगीच चमकतो. डिसेंबरात आणखी एक भानगड. थंडी वाजली की मानेजवळची, खांद्यांतली तपकिरी चरबी ऊब तयार करायला साखर जाळू लागते आणि चित्रात नको तिथे दिवे लागतात. म्हणून प्रत्येकाला दोन-दोन ब्लँकेटं.

आजी आल्या लासलगावजवळून. त्यांना गप्पा मारायच्या होत्या.

“मावशी कुठंय गं? तिला सांग—”

“आजी, तासभर मौन.”

“बरं. पण हे अंगात किती दिस राहणार? घरी पणतू आहे सहा महिन्यांचा.”

“आज दिवसभर त्याला मांडीवर घेऊ नका. पाणी भरपूर प्या, लघवीला जात राहा. उद्या सकाळी खुशाल घ्या.”

“उद्याच? मग एवढं भ्यायचं कशाला?” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मौन पाळलं, नखं मात्र ब्लँकेटशी खेळत राहिली.

1.15

डबा खोलीबाहेर खायचा, हात धुऊन, आणि हात मीटरखाली धरल्यावरच. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी. शेजारी शिकाऊ मुलगी टेकनेशियमचा इतिहास वाचत बसलेली.

हे मूलद्रव्य आवर्तसारणीत 43 व्या घरात बसतं आणि ते घर फार वर्षं रिकामं होतं, कारण त्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. पृथ्वीच्या जन्मावेळी जे काही असेल ते केव्हाच मोडून गेलं. 1937 साली सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये सेग्रे आणि पेरिये यांना ते सापडलं, तेही खाणीत नव्हे तर पोस्टाने आलेल्या पाकिटात. बर्कलीच्या लॉरेन्सने आपल्या सायक्लोट्रॉनमधली जुनी मोलिब्डेनमची पट्टी पाठवली होती. भंगारच ते. त्यात नवं मूलद्रव्य तयार होऊन बसलं होतं. म्हणून नाव पडलं टेकनेशियम, ग्रीकमधून, म्हणजे ‘कृत्रिम’.

“मॅडम, आणि हे मोडल्यावर काय होतं?”

हा पुढचा प्रश्न मला आवडला. टेकनेशियम-99एम आपली जास्तीची ऊर्जा गॅमा किरणातून टाकून टेकनेशियम-99 होतं. त्याचं अर्धायुष्य 2 लाख 11 हजार वर्षं. तिचे डोळे मोठे झाले. मला माहीत होतं ते होणार. इतकं लांब अर्धायुष्य म्हणजे इतक्या सावकाश मोडणं की रुग्णाच्या अंगात राहिलेला तो किरणोत्सर्ग नगण्य. ऐकायला उलटं वाटतं, पण तेवढेच अणू असतील तर लांब आयुष्याचे थंड असतात आणि अल्पायुषी जळजळीत. सहा तासांच्या टेकनेशियमचं हेच मोल : चित्र काढून होईपर्यंत लख्ख, रात्र सरेपर्यंत बरंचसं विझलेलं.

2.30

वरच्या मजल्यावर आयसोलेशनची खोली. थायरॉइडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली एक तरुण बाई मंगळवारी दाखल झाली. उरलेल्या थायरॉइड पेशी मारायला आयोडीन-131, 100 मिलिक्युरी. हे आयोडीन आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून तयार होतं. अर्धायुष्य 8 दिवस.

घरी तीन वर्षांचा मुलगा. खोलीत भेटायला कुणी नाही, ताट दारातून, बोलणं फोनवर. रोज तिचा एकच प्रश्न, “कधी सोडणार?” सोमवारी तिच्या नवऱ्याने इंटरनेटवर ‘आठ दिवस’ वाचलं होतं आणि गणित मांडलं होतं की निम्मं व्हायलाच आठवडा जाणार.

मी दारातून, ठरलेल्या अंतरावरून मीटर धरलं. औषध दिल्यावर लगेच घेतलेलं माप 100 धरलं तर आज, 48 तासांनी, 9. नुसत्या अणूंवर सोडलं असतं तर आज 84 असतं. बाकीचं काम तिच्या मूत्रपिंडांनी केलं. थायरॉइड काढलेली असली की आयोडीनला थांबायला जागा फारशी नसते, ते पाण्यावाटे बाहेर पडतं. शरीराचंही स्वतःचं अर्धायुष्य असतं, आणि अणूचं व शरीराचं दोन्ही एकदम चालू असतात म्हणून प्रत्यक्षातलं अर्धायुष्य दोन्हींपेक्षा लहान येतं. तिचं आलं साधारण 14 तास.

“सोडतोय आज,” मी म्हटलं. ती रडली नाही, थेट पिशवी भरायला लागली. मग कागद हातात दिला : काही दिवस वेगळं झोपायचं, ताट वेगळं, दोनदा फ्लश, आणि मुलाला कुशीत घ्यायचं नाही.

“किती दिवस?”

तारीख कागदावर लिहिलेली होती. तिने ती वाचली, मनात मोजली आणि म्हणाली, “मी लांबून गोष्ट सांगीन त्याला.”

तिच्या बाथरूमचं पाणी गटारात जात नाही. तळघरात आमच्या दोन टाक्या आहेत. एक भरली की बंद करायची, दुसरी लावायची. बंद टाकीत काही मिसळायचं नाही, ढवळायचं नाही. ती तशीच ठेवायची आणि मोजत राहायचं. मर्यादेखाली आली की सोडून द्यायची. इथे आमचं कौशल्य म्हणजे काही न करणं.

4.30

मूत्रपिंडाचा शेवटचा स्कॅन चालू आहे. आजींचा स्कॅन दीडलाच संपला, चित्र छान आलं. पाचही पेट रुग्ण घरी पोचले असतील किंवा वाटेत असतील. मुंबईहून पहाटे निघालेल्या 225 मिलिक्युरींपैकी आत्ता सगळ्यांच्या अंगात, लघवीत, सिरिंजांत मिळून सव्वाचार शिल्लक आहेत. रात्री झोपेपर्यंत एकही नसेल.

फ्लोरिनचं मला एका गोष्टीसाठी कौतुक आहे. ते तयार होतं ऑक्सिजन-18 असलेल्या जड पाण्यावर प्रोटॉनचा झोत टाकून, आणि मोडतं तेव्हा पुन्हा ऑक्सिजन-18 होतं. ज्या घरून निघालं तिथेच परत. मधल्या काही तासांत कुणाच्या तरी पोटातली गाठ दाखवून.

5.00

सकाळभर आम्ही या निम्म्याच्या नियमाशी शर्यत लावतो. जामला शिव्या देतो, टोचण्यांमधली पाच-पाच मिनिटं वाचवतो. पाच वाजले की तोच नियम आमच्या बाजूने काम करू लागतो, आणि आता घाई करता येत नाही. सुया, कापूस, हातमोजे पिशव्यांत भरायचे, पिशवी बांधायची, शिशाच्या पेटीत टाकायची आणि वाट बघायची. दहा अर्धायुष्यं गेली की हजारात एक उरतो, नेमकं सांगायचं तर 1024 त एक. मग मोजून, खात्री करून साध्या कचऱ्यासारखी वाट लावायची.

टेकनेशियमच्या पिशवीवर शिकाऊ मुलीने लेबल लिहिलं : ‘गुरुवार, 18 डिसेंबर, संध्या. 5. उघडणे : रविवार, पहाटे 5 नंतर.’ साठ तास. आयोडीनच्या पिशवीवर : ‘8 मार्च’. ऐंशी दिवस. तोवर निफाडची द्राक्षं ऐन हंगामात असतील. कोपऱ्यात गेल्या तीन सोमवारच्या तीन आटलेल्या गायी उभ्या आहेत, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. महिनाभर तशाच राहतील, मग जिथून आल्या तिथे परत.

टेबलं, नळ, फरशी, दाराची मूठ, सगळीकडे मीटर फिरवलं. सिरिंज भरायच्या जागेशी काटा जरा उचलला. एक थेंब सांडला असावा. सोख कागदाने टिपला, पुसला, पुन्हा मोजलं. थोडं राहिलंच. त्यावर शिशाचा पत्रा झाकला आणि वर चिकटपट्टीवर वेळ लिहिली.

“मॅडम, अजून घासू?”

“नको. सकाळपर्यंत पाव राहील.”

6.15

बाहेर पडता पडता आईचा फोन.

“झाली का गं धार?”

“सकाळीच झाली.”

“आज किती दिलं तुझ्या गायीनं?”

“एकशे पंच्याऐंशी. सोमवारी चारशे होतं.”

“आटायला आली म्हणायची.” मग नेहमीचं : तिच्या काळवीला थंडीमुळे पान्हा लवकर फुटत नाही, डेअरीत फॅट कमी लावली, वासरू हुंदडतं. “आमचं बरं आहे बाई, चारा घातला की पुन्हा दूध. तुझीला काय घालतात?”

“काही नाही घालत आई. तिला काही घालता येत नाही.”

“अरे देवा,” ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं.

शिकाऊ मुलीने आतले दिवे मालवले. पेट्यांची झाकणं लावली, टाकीचा व्हॉल्व्ह पाहिला, वहीत वेळ घातली. मी कुलूप लावलं, मुठीवरचं पिवळं चिन्ह हाताने सवयीनं तपासलं. उरलेलं काम आता रात्रभर आत चालेल. त्याला आमची गरज नाही.